वाचलं की पुसायचं

४ मार्च

चि. भिंगरीस,

आजीचे भरपूर आशीर्वाद आणि गालाला एक बारीक चिमटा. इकडे सगळे बरे. माझे गुडघे तेवढे सोडून. ते माझ्याबरोबर राहतात इतकंच, ऐकत कुणाचंच नाहीत.

शिंपीणबाई म्हणते, आधी 'पत्रास कारण की' असं लिहावं लागतं. मी म्हटलं, कारण शेवटी सांगू. आधीच सांगितलं तर पोरगी पुढचं कशाला वाचेल? तिने तोंड वाकडं केलंय. तोंडात टाचण्या धरून पत्र लिहिणारी जगात ही एकटीच असेल. सात वर्षं माझं प्रत्येक पत्र हिने लिहिलं, तुझं प्रत्येक पत्र हिने वाचून दाखवलं, त्यामुळे आपल्या घरातलं हिला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही. एक सोडून. (यावर हिने मान वर केली. लिही बाई, पुढे चल.)

तुझं पत्र परवा आलं. दोन बोटी हौदातून वरच्या कालव्यात चढवल्या, मग आम्ही हौदाकाठच्या बाकावर वाचायला बसलो. तुझा बाप नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत, दार अर्धवट लोटून, हौदाच्या दाराच्या साखळीला ग्रीस लावत. तुझं पत्र आलं की त्या साखळीला ग्रीस लागतंच. सात वर्षांत तिला इतकं ग्रीस झालंय की आता ती हातात धरवत नाही.

कालव्यांची दारं बसवत तू देशोदेशी फिरतेस, यावेळी ते बोटी उचलणारं चाक लिहिलंयस. दोन मोठ्या टपांचं, एका टपात बोट, दुसऱ्यात नुसतं पाणी, आणि चाक फिरलं की खालची बोट वरच्या कालव्यात. मी शिंपीणबाईला म्हटलं, पोरगी आता थापा मारायला लागली. एका टपात बोट आणि एका टपात नाही, तर बोटीचं टप जड होऊन खाली बसणार नाही का? तेवढ्यात आतून आवाज आला, "बोट आपल्या वजनाइतकं पाणी टपाबाहेर ढकलते. दोन्ही टपं सारखीच." मग पुन्हा ग्रीस.

तो असाच बोलतो. तुझ्याबद्दल चकार शब्द नाही, पाण्याबद्दल विचारा. तू सुएझचं लिहिलंस की तिथे एवढा मोठा कालवा आणि दार एकही नाही, तेव्हा मी म्हटलं होतं, दारं नाहीत तर आपल्यासारख्यांनी खायचं काय? तेव्हाही आतून, "दोन्ही समुद्र साधारण एकाच उंचीला, दार कशाला हवंय?" पनामाच्या वेळी तर तो दोन दिवस गप्प होता. जहाज पाण्याच्या जिन्याने चढतं, वर तळ्यातून जातं, पलीकडे उतरतं, आणि दोन्ही काठांवरून छोटी इंजिनं दोऱ्या धरून चालतात. म्हाताऱ्याला दवाखान्यात नेल्यासारखं, असं मी म्हटलं आणि शिंपीणबाई टाचणी गिळता गिळता वाचली. तिसऱ्या दिवशी चहा पिताना तो भिंतीला म्हणाला, "त्या दारांच्या कडेला लाकूड असतं की रबर, कुणी लिहिलेलं दिसत नाही." भिंतीने मला सांगितलं, मी तुला विचारलं, तू चार पानं उत्तर पाठवलंस. ती चार पानं आमच्यापैकी कुणालाही कळली नाहीत. एकाला सोडून.

आणि हे तुला पूर्वी लिहिलेलं नाही. हत्यारांच्या कपाटाचं दार आतून बघ कधीतरी. तू लिहिलेला प्रत्येक कालवा त्याने तिथे पेन्सिलीने काढलाय. नदीच्या डोक्यावरून पुलाने जाणारा. खडक उभा कापून केलेला अरुंद, ज्यातून जहाज जातं म्हणजे बोळातून कपाट नेल्यासारखं. सगळे. वाचायचा मला आळस असला तरी चित्र दिसतं.

आता तुझा प्रश्न. तू आता आहेस तिथल्या लोकांनी कायमच्या नोकरीचा कागद पुढे केलाय, तीस तारखेपर्यंत सही करायची, आणि मग वर्ष वर्ष सुट्टी नाही. सही करण्याआधी एकदा घरी येऊ का, बाबा काय म्हणतात ते कळव, असं तू लिहिलंस. तेवढीच ओळ शिंपीणबाईने हळू वाचली. आत ग्रीस थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "झडप उघडी राहिली म्हणून मी रागावलो नाही, आई. झडप कुणाचीही राहील. पाटीवर लिहिलं होतं असं ती माझ्या तोंडावर खोटं का बोलली, एवढं एकदा सांगू दे तिला. मग येऊ दे, नाहीतर राहू दे."

मी बशी पुसत होते. पुसतच राहिले.

आणखी एक सांगायचं होतं. म्हणजे तेच, पत्राचं कारण. पण शिंपीणबाईकडे गिऱ्हाईक आलंय आणि माझाही घसा बसलाय. तू इतक्यात सही करू नकोस. दारं बसवणाऱ्या बाईला थांबता यायला हवं.

तुझी, न बसलेला घसा बसवून घेणारी,
आजी


९ मार्च

चि. भिंगरीस,

आजीचे आशीर्वाद. अक्षर बघून दचकलीस ना? खाली बस आधी.

शिंपीणबाईला मी आज बोलावलं नाही. तिचं मनगट दुखतं असं तुझ्या बापाला सांगितलं आणि हे पॅड त्याच्या मांडीवर ठेवलं. तिचं मनगट ठणठणीत आहे. हे तो आत्ता लिहिता लिहिता ऐकतोय. सुरू करण्याआधी त्याला बजावलंय, माझ्या तोंडातून निघेल ते सगळं कागदावर यायला हवं, त्याला बोललेलंसुद्धा. तो म्हणाला, "तुला कसं कळणार मी काय लिहिलं ते?" मी म्हटलं, पन्नास वर्षं झडपेतून किती पाणी जातंय ते कानाने ओळखलंय, तुझ्या पेनातून किती शाई जातेय ते नाही ओळखता येणार? तेव्हा लिही. हेही लिही.

पाटीची पद्धत तुला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. तरी मी सुरुवातीपासून सांगणार, नाहीतर मधूनच पळून जाईन.

हौदाला वरचं दार आणि खालचं दार. प्रत्येक दारात पाणी सोडायची झडप. एकाची पाळी संपली की तो दाराशेजारच्या पाटीवर खडूने लिहायचा, कोणती झडप कशी आहे ते. दुसरा यायचा, वाचायचा आणि पुसून टाकायचा. पुसली म्हणजे वाचली. सही-शिक्का काही नाही, पुसणं हीच सही. तुझ्या आजोबांनी घालून दिलेली ही पद्धत. मला मात्र ते तोंडी सांगायचे. पाटी त्यांची आणि तुझ्या बापाची. पुढे तुझीही झाली.

मग तू एकोणीस वर्षांची असताना डोक्यात घेतलंस की आजीला अक्षरं शिकवायची. अख्खा हिवाळा तू ते चित्रांचं पुस्तक घेऊन माझ्यामागे. भिंगरे, मी ते पुस्तक पाठ केलं गं. बदकाच्या पानावर काय, छत्रीच्या पानावर काय, सगळं तोंडपाठ. तू बोट ठेवायचीस, मी धडाधड म्हणायची, आणि तू इतकी खूश व्हायचीस की मला खरं सांगवेना. अक्षरं माझ्यासमोर मुंग्यांसारखी यायची आणि निघून जायची. वसंत आला तोवर तू सगळ्या बोटवाल्यांना सांगून मोकळी. ते वर्तमानपत्र पुढे करायचे, मी म्हणायची, डोळ्यांत धूळ गेलीय, तूच वाच बाबा. आणि हा, जो लिहितोय तो, जेवताना म्हणाला, "आता आईलाही पाटीवरच लिहून ठेवत जा." छाती कशी फुगली होती त्याची. मी काय बोलणार?

थांबलास का? लिही. 'थांबलास का' हेही लिही.

झडप उघडी राहिली त्या दुपारी मी आत पडले होते. खालच्या दाराची कड गळतेय हे तू बघितलंस, हौद रिकामा राहावा म्हणून खालची झडप उघडी ठेवलीस, आणि कडेला लावायचं सामान आणायला सायकलवरून बाजारात गेलीस. मला उठवलं नाहीस. कशाला उठवशील? आजी शिकलेली.

भोंगा वाजला तशी मी बाहेर आले. कौलं भरलेली बोट, आणि तो मिशाळ बोटवाला. पाटीवर लिहिलेलं होतं. दोन ओळी. मी पाटीसमोर उभी राहिले, तो माझ्याकडे बघत होता. गेल्याच आठवड्यात तो मला म्हणाला होता, आजीबाई, या वयात शिकलात, कमाल आहे. मी दोन ओळींवरून डोळे फिरवले, मान डोलावली, "हं" म्हटलं, आणि बाहीने पाटी पुसली.

मग वरची झडप उघडली, रोजच्यासारखी.

हौद भरेना. वरून येईल तेवढं खालून जात होतं. आवाजही वेगळा येत होता, मला कळत होतं. जाऊन खालची झडप बघायला हवी होती. पण मान डोलावून पाटी पुसलेल्या बाईने आता कुणाला विचारायचं, काय लिहिलं होतं म्हणून? मी स्वतःला म्हटलं, आज पाणी सुस्त आहे. बाकावर टेकले. ऊन छान होतं. मिशाळही बोटीत आडवा झाला. आम्हा दोघांचा डोळा लागला.

जाग आली ती लोकांच्या ओरडण्याने. वरचा कालवा तळाला गेला होता. नऊ बोटी चिखलात, मिशाळची एका कुशीवर, आणि निम्मी कौलं फुटलेली. कुणाला खरचटलंही नाही, एवढंच नशीब.

पुढचं तुम्ही दोघं माझ्यापेक्षा चांगलं जाणता. हा धावत आला. तू सायकलवरून उतरलीस. हा म्हणाला, खालची झडप कुणी उघडी ठेवली? तू म्हणालीस, "मी. पाटीवर लिहिलं होतं." याने पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आणि मी म्हणाले, "पाटी कोरीच होती."

तीन शब्द. पाटी कोरी नव्हती, भिंगरे. तूही ऐक, लिहिणाऱ्या. पाटी कोरी नव्हती. हिने लिहिलं होतं, मी पुसलं होतं.

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही, दार किती उघडलंय हे बघायला लागतो तेवढाच. आणि तुला सगळं कळलं. ते पुस्तक, ते बदक, सगळं. मी वाट बघत होते, तू आता म्हणशील, आजीला वाचता येत नाही. तू म्हणालीस, "असेल. विसरले असेन मी." याने तुझ्या हातातली झडपेची किल्ली काढून घेतली आणि म्हणाला, जिला एक झडप आठवत नाही आणि वर खोटं बोलावंसं वाटतं तिने दाराला हात लावू नये. तू आठवड्यात गेलीस. मी तुझी पेटी भरायला मदत केली. मोजे गुंडाळून दिले. एवढं मोठं तोंड माझं, पण त्या दिवशी मोज्यांपलीकडे काही निघालं नाही.

सात वर्षं मी तुम्हा दोघांची मजा बघतेय असं दाखवलं. टोमणे मारले, निरोप इकडचे तिकडे केले. दोन्हीकडचं पाणी सारखं झाल्याशिवाय दार हलत नाही हे या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला येतं. तुम्ही दोघं दोन बाजूंनी ढकलत बसलात आणि झडपेची किल्ली माझ्याकडे होती.

आता हा उठला.

*

परत आलाय. लिही, परत आलाय म्हणून. बोट आली होती म्हणतो. बोट-बिट काही नव्हती, भोंगा मला ऐकू आला असता. डोळे धुऊन आलाय, बाही ओली आहे.

बसल्यावर त्याने एकच विचारलं. मला वाटलं होतं ओरडेल, किंवा सात वर्षं मोजून दाखवेल. तो म्हणाला, "म्हणजे तू कधी शिकलीच नाहीस?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी तोंडी सांगितलं असतं ना, आई." मग पेन पुन्हा उचललं. मी म्हटलं, आता यापुढे मी बोलणार नाही. खाली जी जागा उरलीय ती तुझी, काय हवं ते लिही. मी विचारणार नाही, आणि वाचता तर येतच नाही, तेव्हा इतकी बिनधोक जागा तुला दुसरीकडे मिळायची नाही.

त्याने मान हलवली. म्हणाला, "कागदावर नाही." आणि खडू शोधायला गेला. हे वाक्य मी त्याला परत बोलावून लिहून घेतलं.


१० मार्च

हे शेवटचं पान शिंपीणबाई लिहितेय. कालची पानं मी तिला वाचायला दिली, म्हटलं, ती एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती ना, घे. तिने वाचली आणि टाचण्यांची डबी मिटून ठेवली. मग म्हणाली, "सात वर्षं तुमची पत्रं लिहिते, आणि मला वाटायचं तुम्हाला येतं, फक्त आळस आहे." एवढं नाटक चांगलं वठलं होतं म्हणायचं.

तुझ्या बापाने काल संध्याकाळी पाटी धुतली, वाळवली, आणि तिच्यावर एक ओळ लिहिली. वर पत्र्याचं छोटं छप्पर ठोकलं, पाऊस आला तर भिजू नये म्हणून. झडपांचं आता तो मला तोंडी सांगतो, रोज, मोठ्याने, मी बहिरी असल्यासारखं. तुझी किल्ली खिळ्यावरून काढून तिचा गंज घासलाय. कपाटाच्या दारावर तुझं ते चाक काढून झालंय, त्यात बोट कुठे उभी राहते ते मात्र त्याला कळलेलं नाही. ते तू आल्यावर दाखवशील असं तो म्हणाला. भिंतीला नाही. मला म्हणाला.

त्या ओळीत चार शब्द आहेत. मधल्या मोकळ्या जागा मोजता येतात मला. पुढे काय ते माहीत नाही. शिंपीणबाई वाचून आली आणि नाक शिंकरत बसली, सांगत नाही. आज सकाळी तो मिशाळ बोट घेऊन आला, मिशी पांढरी झालीय आता. पाटी वाचून त्याने टोपी काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, काय बघतोस, मला वाचता येत नाही. त्यालाही आज पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला, वाचून दाखवू का? मी म्हटलं, नको.

ती तुझ्यासाठी आहे. तू येशील, वाचशील, मला मोठ्याने वाचून दाखवशील, आणि मग तूच पुसशील. तोवर तिला कुणी हात लावणार नाही. मी तर नाहीच.

तुझी,
बाह्या वर करून बाकावर बसलेली,
आजी